थकते ती बाई, थकवतं ते काम

इंग्रजी पेपरात एक शब्द नेहमी भेटतो, ग्रुएलिंग. ग्रुएलिंग ट्रेनिंग, ग्रुएलिंग मॅच, ग्रुएलिंग प्रवास. अर्थ सोपा आहे. अंगातलं बळ काढून घेणारं, पार पिट्टा पाडणारं. बसस्टॉपवर अर्धा तास उभं राहणं नुसतं टायरिंग. ग्रुएलिंग म्हणजे लांबलेलं, कठीण आणि मध्ये दम खाऊ न देणारं.

या शब्दाचं मूळ मात्र थेट स्वयंपाकघरात आहे बरं का! ग्रुएल म्हणजे पातळ पेज. जुन्या इंग्रजी बोलीत एखाद्याला ‘त्याची पेज मिळाली’ म्हणजे त्याला शिक्षा झाली. आपण नाही का म्हणत, ‘घरी गेल्यावर चांगलाच प्रसाद मिळाला’? तसंच. पुढे जीव मेटाकुटीला आणणाऱ्या कामाला हे विशेषण चिकटलं.

वापरताना एक लक्षात ठेवा. हे विशेषण थकलेल्या माणसाला नाही, कामाला लागतं. ‘आय ॲम ग्रुएलिंग’ चूक, ‘द वर्क वॉज ग्रुएलिंग’ बरोबर. टायर्ड आणि टायरिंगचंही तेच. टायर्ड आपण, टायरिंग काम.

मैत्रिणींनो, हा नियम घरातही लावून बघा. नागपूरचा उन्हाळा काय सांगावा! 23 मे 2013 ला इथे पारा 47.9 अंशांवर गेला होता. अशा उन्हाळ्यात हुडकेश्वरच्या एखाद्या घरातली बाई कूलरमध्ये पाणी भरते, सुटीत आलेल्या पाहुण्यांचं करते, भिजवलेल्या गव्हाचा चीक काढून गॅसपुढे घाटते आणि ऊन चढायच्या आत गच्चीवर कुरड्या घालते. संध्याकाळी म्हणते, ‘थकली बाई मी!’ घरचे म्हणतात, ‘तू तर लवकरच थकते.’ झालं! दोष बाईच्या तब्येतीचा, कामाचं नावच नाही.

सरकारच्या 2024 च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रियांची रोजची 289 मिनिटं बिनपगारी घरकामात गेलेली दिसली, पुरुषांची 88. म्हणजे बाईचे जवळपास पाच तास, पुरुषाचा दीड.

तेव्हा ‘मी थकली’ एवढ्यावर थांबू नका. ‘हे काम थकवणारं आहे’ असंही म्हणा. मग ते वाटून कोण घेणार, हे विचारणं सोपं जातं. कूलर भरायला तर कुणालाही सांगता येईल, नाही का?