आतड्याचे ऑपरेशन आणि ‘ताकदीचे इंजेक्शन’

आतड्याचे ऑपरेशन झालेल्या माणसाला नुसत्या पेजेवर ठेवायचे आणि वर ‘ताकदीचे इंजेक्शन’ शोधायचे, ही रीत उलटी आहे. जोडलेले आतडे पहिले काही दिवस टाक्यांवरच तगून असते. पुढे तिथे नवे तंतू धरतात ते प्रथिनांतून. म्हणून डॉक्टरांनी मोकळीक देताच दूध, अंडी, मऊ डाळभात सुरू करावा. साठ किलोच्या माणसाला दिवसाला सुमारे ९० ग्रॅम प्रथिने लागतात, अंड्यात जेमतेम सहा! नॅन्ड्रोलोनचे इंजेक्शन मांस वाढवते खरे, पण कशातून? खताविना खोडव्यावर नुसते संजीवक फवारण्यातलाच हा प्रकार. त्याच जातीच्या ऑक्सँड्रोलोन गोळ्या यकृताला बाधतात. अमेरिकेने २०२३ मध्ये त्यांची मान्यता काढून घेतली. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय असले काही टोचून घेऊ नये.