चिमूटभर मँगनीजचा नारिंगी उजेड

झिंक सल्फाइडची भुकटी दिसायला पांढरी. तिचे तीन-चार नॅनोमीटरचे कण बनवताना जस्ताच्या काही मोजक्या अणूंच्या जागी मँगनीजचे अणू बसवले आणि वर अतिनील दिवा धरला, की ती नारिंगी उजळते. अशा भेसळीला डोपिंग म्हणतात.

शुद्ध अर्धवाहक नॅनोकणांचा रंग आकारावर ठरतो. कॅडमियम सेलेनाइडचा लहान कण निळसर, मोठा लाल. 2023 चे रसायनशास्त्राचे नोबेल याच क्वांटम डॉट्ससाठी होते. मला मात्र मँगनीजवाले कण अधिक विलक्षण वाटतात. प्रकाश शोषतो अख्खा स्फटिक, पण बाहेर टाकतो मँगनीजचा अणू, स्वतःच्या ऊर्जापातळ्यांतून. म्हणून कण थोडा लहानमोठा झाला तरी तरंगलांबी 590 नॅनोमीटरच्या आसपासच राहते. ही चमक मावळायलाही मिलिसेकंद लागतात. पेशींचे चित्रण करताना याचा मोठा फायदा होतो: पेशींची स्वतःची चमक नॅनोसेकंदांत विझते, मग उरतो तो कणांचाच उजेड. पुणे विद्यापीठात डॉ. सुलभा कुलकर्णी यांच्या गटाने याच पदार्थावर काम केले आहे.

अडचण आहे ती अणू आत टिकवण्याची. इवल्याशा स्फटिकात परका अणू पृष्ठभागालाच चिकटून राहतो, कधी पार निसटतो.