बलुत्याच्या दोन गाठी



गावगाडा हा शब्द आपण सहज उच्चारतो. परंतु तो गाडा चालत असे कशाच्या बळावर, याचा विचार क्वचितच करतो. कुणब्यास सुतार, लोहार, चांभार, कुंभार, न्हावी, परीट इत्यादिकांची सेवा वर्षभर लागे. तिचा मोबदला रोकडीने न देता सुगीच्या वेळी खळ्यावर धान्यरूपाने देत. त्यासच बलुते म्हणत. बलुतेदार बारा, असे म्हणण्याची रूढी आहे. पण ते बारा कोणते, याविषयी गावोगावी भेद असे. त्रिंबक नारायण आत्रे यांचा 'गावगाडा' हा १९१५ सालचा ग्रंथ जिज्ञासूंनी अवश्य पाहावा.

या व्यवस्थेत दोन गाठी होत्या. पहिली हमीची. औताचा फाळ बोथट झाला, तर लोहार पैशावाचून काम अडवीत नसे. आणि रास घरी नेण्यापूर्वी कुणबी त्याचा वाटा बाजूस काढी. दुसरी गाठ जन्माची. ज्याचा बाप जे करी तेच मुलाने करावे, ही सक्ती होती. तिचा जाच सर्वांत अधिक महारांस झाला. अल्पशा वतनासाठी रात्रंदिवस राबावे लागे. म्हणूनच डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. पुढे १९५८ च्या कायद्याने ही कनिष्ठ वतने रद्द झाली.

तथापि बलुते केवळ कायद्याने मोडले नाही. सारा रोकडीने भरावा लागू लागला, आगगाडीने बाजार जवळ आणला, आणि शेतात कापूस व ऊस आला. जोंधळ्याची रास खळ्यावर पडते, तीतून पायली-दोन पायली सहज काढून देता येतात; ऊस खळ्यावर येतच नाही! शिवाय १९१० साली वसलेल्या किर्लोस्करवाडीसारख्या ठिकाणचे लोखंडी नांगर आले, आणि सुताराचे लाकडी नांगराचे काम घटले.

अशा रीतीने पैशाने दोन्ही गाठी सोडविल्या. जन्माची गाठ सुटली, हे इष्टच झाले. तिच्यासाठी हळहळणे अन्यायाचे होईल. परंतु हमीही तिच्याबरोबर गेली. प्रवरानगरच्या कारखान्यापासून वाढलेल्या सहकाराने उत्पादकांस एकमेकांचा आधार दिला. पण ज्याच्यापाशी ऊस पिकविण्यास जमीनच नाही, तो त्या वर्तुळाबाहेर राहिला. १९७७ चा महाराष्ट्राचा रोजगार हमी कायदा मागेल त्याला काम देऊ म्हणाला, आणि तेही जात न विचारता. हमीची गाठ जन्मावाचून बांधण्याचा हा मोठा प्रयत्न होय.

खेड्याच्या सुधारणेची परीक्षा रस्ता, वीज व यंत्रे यांनी पुरी होत नाही. गावात राबणाऱ्या प्रत्येकास उद्याच्या भाकरीचा भरवसा आहे काय, आणि त्यासाठी त्याला कोणापुढे वाकावे लागते काय, हे दोन्ही प्रश्न एकत्रच विचारले पाहिजेत.