विश्लेषण : पातळ प्लाय सीएनसीवर कापताना काठ का उसवतो?

थर्माकोलवर राज्यात 2018 मध्ये बंदी आली आणि गणपतीच्या मखरांचे बरेचसे काम प्लाय आणि एमडीएफकडे वळले. सुटे करून पुन्हा जोडता येणारे मखर, जाळीदार कमानी, आकाशकंदील, नावाच्या पाट्या. ही कामे आता तालुक्याच्या गावातल्या सीएनसी राउटरवरही होतात. वर्धा, हिंगणघाट, आर्वी भागातला सुतार किंवा आयटीआय करून बाहेर पडलेला तरुण जॉबवर्कसाठी असे यंत्र घ्यायचा विचार करतो, तेव्हा यंत्राच्या किमतीची चौकशी भरपूर होते. बिट कोणते लावायचे आणि कोणत्या वेगाने चालवायचे, हा प्रश्न मात्र पहिली शीट वाया गेल्यावर पडतो. आणि ती शीट बहुतेक वेळा गिऱ्हाइकाची असते.

पातळ प्लायच अवघड का?

तीन किंवा चार मिलिमीटरचा प्लाय म्हणजे साधारणपणे तीन थर. वरचा आणि खालचा थर अगदी पातळ, बहुधा अर्ध्या मिलिमीटरच्या आतबाहेर. त्यांच्या रेषा एका दिशेने, मधल्या थराच्या आडव्या. बिट रेषांच्या दिशेने जाते तोवर काठ गुळगुळीत येतो. तेच आडवे जाऊ लागले की वरच्या थराचे तंतू कापले न जाता उचकटतात आणि काठावर कुसे उभी राहतात. 18 मिलिमीटरच्या प्लायमध्ये हा दोष कानस मारून, पट्टी लावून झाकता येतो. जाळीच्या नक्षीत तेवढी जागाच नसते.

त्यात पातळ शीट वाकते. विदर्भात मे महिन्यात हवा कोरडी ठणठणीत आणि मखराचे काम येते ते नेमके श्रावणाच्या दमट हवेत. भिंतीला तिरपी टेकवून ठेवलेली शीट या काळात हमखास बाक धरते. टेबलावर टाकली की मधला भाग दोन-तीन मिलिमीटर उचललेला असतो. चार मिलिमीटरच्या मालात एवढा फरक म्हणजे एका कोपऱ्यात आरपार कट आणि मध्यभागी अर्धवट. शीट आडवी, सपाट फळीवर, वर वजन ठेवून साठवणे हा यावरचा स्वस्त उपाय. टेबलावरची एमडीएफची बळी फळीही दमट हवेत फुगते. म्हणून हंगामाच्या सुरुवातीला ती एकदा यंत्रानेच तासून सपाट करून घ्यावी.

बिट कोणते?

दुकानात बिट मागताना लोक फक्त व्यास सांगतात. पातळ प्लायसाठी व्यासाइतकाच पिळाचा रोख महत्त्वाचा. वर खेचणारे, म्हणजे अपकट बिट भुसा वर फेकते. चर मोकळा राहतो, बिट थंड राहते, पण वरचा थर उचकटतो आणि हलकी शीटही वर ओढली जाते. खाली दाबणारे डाउनकट बिट याच्या उलट. वरचा काठ स्वच्छ, शीट टेबलाला दाबलेली. भुसा मात्र चरात ठासून बसतो आणि खालच्या बाजूला पक्का आधार नसेल तर तिथला थर फुटतो.

यावर विक्रेते कॉम्प्रेशन बिट सुचवतात. त्याचे टोक वर खेचते आणि वरचा भाग खाली दाबतो, त्यामुळे दोन्ही काठ स्वच्छ येतात. फर्निचरच्या जाड प्लायसाठी ते उत्तमच. पातळ प्लायमध्ये फसगत होते ती इथे. अनेक कॉम्प्रेशन बिटांत टोकाचा वर खेचणारा भागच पाच-सहा मिलिमीटर लांब असतो. चार मिलिमीटरच्या शीटमध्ये दाबणारा भाग पोहोचतच नाही. म्हणजे महागडे कॉम्प्रेशन बिट तिथे साध्या अपकटसारखे वागते. बिट घेण्याआधी पीळ कुठे उलटतो ते पट्टीने मोजावे. ते अंतर प्लायच्या जाडीपेक्षा बरेच कमी असेल तरच पैसे घालावेत. नाहीतर तीन मिलिमीटर किंवा 3.175 मिलिमीटर व्यासाचे दोनधारी कार्बाइड डाउनकट बिट आणि खाली सपाट, न खड्डे पडलेली फळी ही जोडी पुरते.

हायस्पीड स्टीलचे बिट स्वस्त मिळते, पण प्लायमधला वाळलेला डिंक त्याची धार लवकर खातो. बोथट बिटाने केलेली बचत पॉलिश पेपरात जाते.

वेग किती ठेवायचा?

इथे एक समज घट्ट रुजला आहे, की काठ काळा पडला किंवा जळका वास आला तर यंत्र हळू चालवावे. बहुतेक वेळा करायचे असते ते उलट. बिट एका जागी जास्त फेरे घेते तेव्हा ते कापत नाही, घासते. घर्षणाने तापते, डिंक वितळून धारेला चिकटतो आणि काठ करपतो. अशा वेळी पुढे सरकण्याचा वेग वाढवावा किंवा फेरे कमी करावेत.

हिशेब सोपा आहे. प्रत्येक धारेने एका फेऱ्यात किती जाडीची ढलपी काढायची, ते ठरवायचे. त्याला मिनिटाचे फेरे आणि धारांची संख्या यांनी गुणले की फीड मिळतो. तीन मिलिमीटरच्या बिटासाठी ढलपी 0.05 ते 0.08 मिलिमीटर धरू. फेरे 18,000 आणि धारा दोन असतील तर फीड येतो मिनिटाला 1,800 ते 2,880 मिलिमीटर. एकधारी बिट असेल तर निम्मा. लहान यंत्राला एवढा वेग झेपत नसेल, कोपऱ्यावर थरथरत असेल, तर फीड पाडण्यासोबत फेरेही पाडावेत. फेरे 12,000 वर आणले की 1,200 फीडलाही ढलपी 0.05 राहते. बिट निघालेला बुरादा बोटांत चोळून पाहावा. पिठासारखा असेल तर ते घासते आहे, बारीक पापुद्रे दिसले तर कापते आहे.

अनेक यंत्रांच्या व्हीएफडीवर फेरे दिसत नाहीत, हर्ट्‌झ दिसतात. 400 हर्ट्‌झला 24,000 फेरे घेणारा स्पिंडल असेल तर 300 म्हणजे 18,000 आणि 200 म्हणजे 12,000.

एका वेळची खोली बिटाच्या व्यासापेक्षा जास्त नको. चार मिलिमीटरचा प्लाय तीनच्या बिटाने दोन फेऱ्यांत कापावा. बिट सरळ खाली खुपसण्यापेक्षा तिरपे उतरवावे, डाउनकटच्या बाबतीत तर नक्कीच. सुटणारा तुकडा उडू नये म्हणून अर्धा ते एक मिलिमीटर जाडीचे छोटे दुवे ठेवावेत आणि नंतर कटरने तोडावेत. मोठ्या शीटला काठावर स्क्रू पुरतात. बारीक जाळीला खालून डबल टेप लावलेला बरा.

मखराचे खाचे सैल का बसतात?

कारण ‘चारचा प्लाय’ प्रत्यक्षात चारचा नसतो. तो 3.6 ही भरू शकतो आणि एकाच खेपेतल्या दोन शीटमध्येही फरक निघतो. व्हर्निअरने चार ठिकाणी मोजून मगच खाचेची रुंदी टाकावी. गोल बिटाने आतला कोपरा कधीच काटकोनी निघत नाही. त्यामुळे खाचेच्या कोपऱ्यात बिट किंचित बाहेर नेणारा गोल द्यावा लागतो, नाहीतर दुसरा तुकडा तळाशी बसत नाही. कापण्याआधी टाकाऊ तुकड्यावर एक खाच काढून पाहायला दोन मिनिटे लागतात.

वर्ध्याला यंत्र आणि कारागीर हा वाद नवा नाही. मगनवाडीत 1934 पासून अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाने त्यावर बराच खल केला आणि आज त्याच आवारात ग्रामीण औद्योगिकीकरणाची केंद्र सरकारची संस्था आहे. सीएनसीपुरते बोलायचे तर रेषांची दिशा ओळखणारा सुतार या यंत्रावर संगणक शिकलेल्या नवख्यापेक्षा लवकर तयार होतो. फीडचा हिशेब त्याला एका दुपारी समजतो.

भुशाचे काय?

लाकडाची धूळ आणि फॉर्मल्डिहाइड या दोन्हींना जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात ठेवले आहे. प्लायच्या डिंकात बहुधा फॉर्मल्डिहाइड असते, म्हणजे बारीक बुराद्यात दोन्ही एकत्र. रुमाल बांधून भागत नाही. एन-95 दर्जाचा मास्क आणि स्पिंडलपाशी धूळ ओढणारा पाइप हवा. करपलेल्या काठाची एखादी ठिणगी याच पाइपातून भुशाच्या पिशवीत जाऊन धुमसत राहू शकते. दुकान बंद करताना ती पिशवी बाहेर, उघड्यावर रिकामी करावी.