मूठभर तांदूळ आणि पोरीची अकरावी

लोणावळ्याहून तुमच्या बचत गटांची समन्वयक ताई बोलतेय. लावणीच्या गडबडीत तुम्हाला कुणी सापडत नाही, म्हणून त्याआधीच हा विषय काढते.

गेल्या वर्षी एका गटाच्या सभेत एक बाई हप्ता भरता भरता म्हणाली, "पोरगी दहावी झाली, आता बसंल घरी." मार्क विचारले, तर एकाहत्तर टक्के. मी म्हटलं, "अगं, मग बसवतेस कशाला? मुलींना फी माफ आहे ना?" ती म्हणाली, "ताई, फी नाही आडवी येत. बाकीचंच जड जातं."

हे 'बाकीचं' म्हणजे काय, ते आपण सगळ्या जाणतो. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना मोफत शिक्षणाचा कायदा 2010 पासून लागू आहे. पण तो आठवीपर्यंतच. पुढचं हायस्कूल, कॉलेज कामशेतला, वडगावला, नाहीतर लोणावळ्याला. आंदर मावळातल्या, नाणे मावळातल्या वाडीवरून स्टेशन गाठायचं म्हणजे जीपचं भाडं. मग वह्यापुस्तकं, गणवेश, प्रवेशाच्या वेळचे किरकोळ पैसे, पावसाळी चपला. आणि हे सगळं नेमकं जूनमध्ये. त्याच महिन्यात भाताचं बी, खत, चिखलणीचा ट्रॅक्टर, गळक्या छपरावर टाकायचा कागद. दोन-तीन हजारांसाठी पोरगी थांबते. थांबली की लोणावळ्यातल्या एखाद्या बंगल्यावर झाडूफरशीला लागते. हातात पगार पडायला लागला की परत वही धरणं अवघड, आणि मग घरात स्थळांच्या गोष्टी सुरू होतात.

शिकून तरी काय होतं, असं सासूबाई विचारतात. तर ऐका. पूर्वी दहावीवर अंगणवाडी सेविका होता यायचं, आता बारावी लागते. पोलीस शिपायाच्या भरतीला बारावी लागते. नर्सिंगला बारावी. आयटीआयच्या बहुतेक कोर्सना दहावी. म्हणजे दाराची कडी दरवर्षी वर सरकतेय. आपल्या वेळी सातवी शिकलेली बाई गटाचं दप्तर लिहायची, आज तेच काम मोबाईलवर करावं लागतं.

दुसऱ्याच्या लेकराला शिकवणं ही काही शहरातल्या पैसेवाल्यांचीच गोष्ट नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली. पुढे साताऱ्याला वसतिगृह चालवलं. सगळ्या जातींची पोरं एका पंगतीत जेवायची. धान्य कुठून आलं? गावोगावच्या बायकांनी दळणातून, स्वयंपाकातून मूठमूठ बाजूला काढलेलं. त्याला मुष्टिफंड म्हणत. तेही कमी पडलं तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही मोडलं. कुणाची कोण पोरं ती! त्याच वसतिगृहातले बॅरिस्टर पी. जी. पाटील पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. आणि आपल्या मावळात, तळेगावचा पैसा फंड काच कारखाना 1908 साली उभा राहिला तोही लोकांनी दिलेल्या एकेका पैशातून. नावच पैसा फंड.

आता आपला हिशोब मांडू. ग्रामसंघात दहा गट, म्हणजे साधारण शंभर बायका धरा. प्रत्येकीने महिन्याला दहा रुपये काढले तर वर्षाला बारा हजार होतात. यात जीपचं भाडं धरूनही दोन मुलींचं भागायला हवं. पैसे नसतील तर इंद्रायणी तांदळाचं एक माप द्या, गटाने ते विकावं.

पण आधी सरकारकडून मिळतंय ते घ्या, ते सोडून आपला पैसा घालू नका. गावाकडून शाळेत जाणाऱ्या मुलींना एसटीचा पास मोफत आहे. लोकलचा दुसऱ्या वर्गाचा मासिक पास मुलींना पदवीपर्यंत मोफत मिळतो, शाळा-कॉलेजचा दाखला घेऊन स्टेशनवर विचारा. जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळेत आठवीला असलेल्या मुलांना एनएमएमएस परीक्षेला बसवा. घरचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये मिळतात. वडील वारले असतील तर बालसंगोपन योजनेचा अर्ज महिला व बालविकास कार्यालयात करा. कागद गोळा करायला वेळ लागतो, म्हणून उत्पन्नाचा दाखला मे महिन्यातच काढून ठेवा.

गटाची मदत कशी द्यायची, यावर माझं मत स्पष्ट आहे. एकदा शाल-नारळ देऊन फोटो काढायचा आणि पुढच्या वर्षी विसरायचं, असलं काही नको. त्या पोरीला रस्त्यात मान खाली घालून चालावं लागतं. मदत घेणाऱ्या घराचं नाव सभेबाहेर जाऊ देऊ नका. आणि शब्द द्यायचा तर बारावीपर्यंतचा द्या, ठराव वहीत तसा लिहा. आठ मुलांना एकेक दप्तर वाटण्यापेक्षा एका मुलीला दोन वर्षं धरून ठेवलेलं बरं.

त्या बाईच्या पोरीचं सांगायचं राहिलं. गटाने तेव्हा चार हजार दिले, कर्ज म्हणून नाही. ती कामशेतला अकरावी झाली. यंदाच्या जूनचे पैसे गटाने मार्चच्या सभेतच बाजूला काढून ठेवलेत. वहीत तिचं नाव नाही, नुसतं लिहिलंय, 'बारावी, दुसरं वर्ष.'