वर्तुळ काढावं लहान सायकलच्या मापाने

जुन्नरला घरच्यांबरोबर सायकलवर फिरायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "तिकडे सगळे घाटच ना?" शिवनेरी, हडसर, नाणेघाट ही नावं ऐकून तसं वाटतं खरं. पण डोंगर मुख्यतः पश्चिमेला. कुकडी आणि मीना पूर्वेकडे वाहतात तसा मुलूख मोकळा होत जातो. जुन्नर, लेण्याद्री, ओझर, नारायणगाव हा सगळा पट्टा ऊस, टोमॅटो आणि द्राक्षांच्या मळ्यांचा. मुलांच्या सायकलींना इतकं सोयीचं शिवार पुणे जिल्ह्यात मला तरी दुसरं सुचत नाही.

ही चार ठिकाणं नकाशावर जोडली की छान वर्तुळ होतं आणि पालक तिथेच चुकतात. जुन्नर ते लेण्याद्री पाचेक किलोमीटर, तिथून ओझर पंधराएक, मग नारायणगाववरून परत जुन्नर. बेरीज ४५ च्या घरात जाते. दहा वर्षांच्या मुलाचा वेग ताशी १० किलोमीटर धरला, तरी साडेचार तास नुसते पायडल मारण्यातच जातात. शिवाय लेण्याद्रीच्या तीनशेच्या आसपास पायऱ्या, ओझरचं दर्शन, मिसळ, एखादं पंक्चर. सातला निघालात तरी दुपार टळते.

"निघालो तिथेच यायचं, म्हणजे जेवढा चढ तेवढाच उतार, फिटंफाट" हेही खरं नाही. ६ किलोमीटरचा चढ ताशी ६ च्या वेगाने चढायला एक तास लागतो, तोच उतार ताशी १८ ने वीस मिनिटांत संपतो. सरासरी १२ नव्हे, ९ येते. समोरच्या वाऱ्याचंही गणित असंच. लहानग्यांना लेण्याद्रीपर्यंत नेऊन त्याच रस्त्याने परत आणा. वर्तुळाचा हट्ट नको.

आता बिबट्या. "तो जंगलात, आपण रस्त्यावर" हा समज सगळ्यांत घातक आहे. इथला बिबट्या उसात राहतो. धरणांचं पाणी शिवारात आलं, ऊस वाढला आणि त्याला जवळजवळ बारमाही आडोसा मिळाला. गावातली कुत्री, शेळ्या हे त्याचं भक्ष्य. माद्या फडातच वितात. पण म्हणून मुलांना नेऊच नये, असंही नाही. त्याचा वावर मुख्यतः संध्याकाळपासून पहाटेपर्यंत असतो, तेव्हा खरी काळजी घड्याळाची. चांगलं उजाडल्यावर निघा आणि ऊन कलण्याआधी घरी या. एक मोठं माणूस पुढे, एक सगळ्यांत मागे. उसाच्या कडेला मुलाला एकट्याला लघवीला पाठवू नका, कारण खाली बसलेलं माणूस त्याला छोट्या जनावरासारखं दिसू शकतं. बिबट्या दिसलाच तर पळापळ न करता मुलांना मध्ये घ्या आणि मोठ्याने आवाज करत सावकाश मागे सरका. निघण्याआधी गावात चौकशी करा. आठवडाभरात त्या शिवारात बिबट्या दिसला असेल, तर तो रस्ता सोडून द्या.

ऊसतोडणीत कधी कधी बछडे सापडतात, अगदी मांजराच्या पिलांसारखे. त्यांना हात लावू नका, आई जवळच असते. वनखात्याला १९२६ वर कळवा. याच हंगामात जोडट्रॉल्यांचे ट्रॅक्टर कारखान्याकडे निघतात आणि ऊस दोन्ही बाजूंना बाहेर आलेला असतो. ट्रॅक्टर दिसला की सायकल रस्त्याखाली घेऊन थांबायचं, ही सवय मुलांना पहिल्याच दिवशी लावावी.

कालव्याकडेचा रस्ता वाहनं नाहीत म्हणून सुरक्षित, असंही बरेच जण मानतात. मला तो सगळ्यात नकोसा वाटतो. कठडा नाही आणि आवर्तन सुटलेलं असेल तर पाणी जोरात वाहतं. अस्तरीकरणाची उतरती बाजू शेवाळून निसरडी होते. पोहणाऱ्या मोठ्या माणसालाही तिथून वर येणं कठीण जातं. त्यापेक्षा मळ्यातल्या कोणाला तरी विचारावं, "काका, हा रस्ता पुढे निघतो का?" शिवाररस्ते पुष्कळदा एखाद्या विहिरीपाशीच संपतात.

नारायणगावहून खोडदकडे वळलात तर शेतांमधून प्रचंड ताटल्या दिसू लागतील. जीएमआरटी दुर्बिणीच्या अशा ३० अँटेना आहेत, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. त्यांतून किरणं बाहेर पडतात, असं मुलांना सांगणारी मोठी माणसं भेटतात. त्या काहीही सोडत नाहीत, आकाशातून येणाऱ्या अतिशय क्षीण रेडिओ लहरी फक्त टिपतात. त्रास होतो तो आपल्या मोबाईलचा त्यांना. तिथे थांबून मुलांना दाखवा, आणि तेवढा वेळ फोन बंद ठेवा.