पळसावरची मैना आणि बोरीबंदरचा वाघ



फाल्गुन लागला की बांधावरचा पळस आणि ओढ्याकाठची काटेसावर नुसती लालेलाल होते. झाडावर पान नाही, सगळी फुलंच. त्या फुलांतल्या मधासाठी मैना, बुलबुल, कोतवाल, शिंजीर यांची सकाळपासून झुंबड उडते. आमच्या गटातल्या बायकांना दोन वर्षांपासून मोबाईलवर त्यांचे फोटो काढायचा नाद लागलाय. फोन बहुतेकींचा मुलाचा नाहीतर मालकांचा. हातात येतो अर्धा तास. त्या अर्ध्या तासात काय करावं, ते सांगतो.

आधी फोनची काच मऊ सुती फडक्यानं पुसायची. आमचे निम्मे फोटो पिठाच्या बोटांनीच धूसर आलेले! वेळ सकाळची, ऊन कोवळं असताना. सूर्य आपल्या पाठीशी हवा. समोर असला की पाखरू काळं ठिक्कर दिसतं. पडद्यावर पाखरावर बोट टेकवायचं, म्हणजे फोन त्याच्याकडे नीट बघतो. उजेड कमी-जास्त करायची खूण तिथंच दिसते. पळसाचं लाल भगभगीत आलं तर उजेड थोडा कमी करायचा. दोन बोटांनी चित्र फार ओढून मोठं करू नका, ते फाटतं. त्यापेक्षा झाडाखाली गप्प बसा. दहा-पंधरा मिनिटांत पाखरं आपल्याला विसरतात.

आता आमची चूक. गेल्या चैत्रात कुंपणाच्या मेंदीत बुलबुलाचं घरटं सापडलं, आत तीन अंडी. फोटो नीट यावा म्हणून आम्ही फांद्या बाजूला सारल्या, एकीनं तर एक डहाळी मोडली. बुलबुल वर ओरडत होता, आम्हाला त्याचं कौतुक वाटलं. दुसऱ्या दिवशी घरटं रिकामं. कावळ्यानं नेली असतील, नाहीतर सरड्यानं. पण आडोसा आम्हीच काढला होता. तो फोटो अजून फोनमध्ये आहे, कुणाला दाखवत नाही. पुढं कळलं, की 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात रानपाखरांच्या अंड्यांना किंवा घरट्याला त्रास देणं हे शिकारीतच धरलंय. तेव्हापासून घरट्याचा फोटो काढायचा नाही, आणि घरटं कुठं आहे ते व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायचं नाही, असं गटात ठरलं. पोरांना जागा कळली की संपलंच.

याच फोननं शहरही टिपता येतं. मार्चमध्ये मसाले-पापड घेऊन मुंबईच्या प्रदर्शनाला गेलो, तेव्हा बोरीबंदरचं स्टेशन, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, निवांत पाहिलं. फ्रेडरिक स्टीव्हन्स यांनी आखलेली ही इमारत 1878 साली सुरू होऊन 1888 मध्ये पुरी झाली. 2004 पासून ती युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. दगडातली पानं-फुलं, मोर, माकडं यांच्या कोरीवकामात जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा हात होता. घुमटावर हातात मशाल घेतलेली बाई उभी आहे, प्रगतीची मूर्ती.

इमारतीचं तंत्र वेगळं. जवळून फोन वर तिरका धरला की भिंती मागं कलंडल्यासारख्या दिसतात. म्हणून रस्ता ओलांडून महापालिकेच्या बाजूच्या फूटपाथवर जायचं आणि फोन सरळ धरायचा. स्टेशनचं तोंड पश्चिमेला, त्यामुळं तिथं सकाळ नव्हे, दुपार कलल्यावरचं ऊन चांगलं. सगळं एका फोटोत कोंबायचा हट्ट नको. एखादा मोर, एखादी कमान पुरते. आणि फोटोच्या नादात रस्त्यात थांबू नका, तिथल्या गाड्या आपल्या बैलगाड्या नव्हेत.

फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह बसलाय, दुसरीकडे वाघ. सिंह इंग्रजांचा, वाघ हिंदुस्थानचा. आम्ही सगळ्या वाघाखाली उभ्या राहिलो आणि एका शाळकरी मुलीकडून फोटो काढून घेतला. वाघाचे कान कापले गेलेत, आमच्या पिशव्या मात्र पूर्ण आल्यात. गटाच्या कपाटाला तोच चिकटवलाय.